गेझाकाकांचं ऑलिम्पिक

गेझाकाका नगरपालिकेच्या मीटिंगला झगा घालून जायचे. झगा म्हणजे मानाचा बिनाचा नव्हे, अंघोळ झाल्यावर गुंडाळतात तो, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, जाड टर्किश कापडाचा. पोहण्याच्या तलावातून बाहेर पडायचे संध्याकाळी सव्वासातला आणि मीटिंग सुरू व्हायची साडेसातला. मधे घरी जाऊन कपडे बदलायला वेळच नसतो, असं त्यांचं म्हणणं. आता घर तलावाच्या अगदी समोर होतं, ही गोष्ट वेगळी. केसांतून पाणी ठिबकतंय, पायात लाकडी सपाता खटखटतायत, काखेत कागदांची चळत, अशा थाटात ते मेन स्ट्रीटवरून निघाले की गाड्या हॉर्न वाजवायच्या, आणि ते प्रत्येकाला हात करायचे. अमेरिकेत मी बरेच पुढारी पाहिले. ओला पुढारी हा एकच.

पेन्सिल्व्हेनियातल्या डोंगरांमधलं आमचं ते विद्यापीठाचं गाव. मी ब्याऐंशी साली तिथं केमिस्ट्रीत पीएच.डी. करायला गेले. मी मूळची कोल्हापूरची, जन्माची बोलघेवडी, आणि तिथं बोलायला माणूस नाही. डाळ-तांदूळ आणायला महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गाडीतून पिट्सबर्गला जायचं, एवढीच काय ती करमणूक. आमच्या डिपार्टमेंटच्या तळमजल्यावर वर्कशॉप होतं. तिथं लेथवर एक उंच, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या केसांचा गृहस्थ काम करायचा. मला प्रयोगासाठी एक क्लॅम्प करून हवा होता. मी ड्रॉइंग पुढं केलं. गृहस्थानं ते नाकाशी नेऊन पाहिलं आणि म्हणाला, "गुरुवारी मिळेल. तुला पोहता येतं?"

(ते बोलायचे इंग्रजीत, आणि तेही स्वतःच्या कारखान्यात घडवलेल्या. मी आपली मराठीत सांगते.)

"नाही," मी म्हटलं.

"वय किती?"

"चोवीस."

"चोवीस! गावात पाणी नव्हतं?"

आता हे ऐकून घेईन तर मी कोल्हापूरची कसली! म्हटलं, "नव्हतं कसं? आमच्या घरासमोर रंकाळा आहे. एवढं मोठं तळं तुमच्या अख्ख्या काउंटीत नसेल."

"मग तू तिथं काय करायचीस?"

"भेळ खायचे."

भेळ म्हणजे काय हे समजून घेतल्यावर तर ते जास्तच खचले. चोवीस वर्षं तळ्याकाठी बसून हिनं चुरमुरे खाल्ले, हे त्यांना काही केल्या पचेना. गुरुवारी क्लॅम्प मिळाला, फर्स्ट क्लास घासूनपुसून केलेला. त्याला सुतळीनं एक चिठ्ठी बांधली होती: शनिवार, सकाळी आठ, गावचा तलाव.

तर असे हे गेझा हलमाशी, मूळचे हंगेरीचे. वर्षभर वर्कशॉप, आणि उन्हाळ्याचे तीन महिने त्याखेरीज सकाळ-संध्याकाळ नगरपालिकेच्या तलावावर लोकांना पोहायला शिकवणं. मिस्टर हलमाशी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. हंगेरीत म्हणे मुलं मोठ्या माणसाला बाची म्हणतात, म्हणजे आपलं काकाच. मी म्हटलं, आमच्यात काका म्हणतात. त्यांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं आणि तलावातून ओरडायला बाचीपेक्षा काका सोपं आहे असा निकाल दिला.

शनिवारी मी पोहायला गेले ती सलवार-कमीज घालून. वाटलं, आता हसतील. तर काका म्हणाले, "माझी आजी याहून जास्त कपडे घालून पोहायची. उतर." पहिल्या दिवशी पोहणं बिहणं काही नाहीच. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे सोडायचे. "श्वास सोड. घ्यायची चिंता तू करू नकोस, तो घेतला जातो. लोक बुडतात ते श्वास धरून ठेवतात म्हणून." गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. विचारलं तर म्हणाले, "शिट्टी माणसांसाठी नाही, बदकांसाठी आहे." बदकं खरोखरच यायची, आणि त्यांनाही ते शिट्टी वाजवायचे नाहीत, हंगेरियनमध्ये काहीतरी समजावून सांगायचे. सप्टेंबर उजाडायच्या आत मी तलाव आडवा पार केला. बाबांना पत्र लिहिलं तर त्यांचं उत्तर आलं, "अभ्यास कसा चालला आहे?"

माझ्यामागून आणखी चारजणी आल्या, आणि आमच्यामागून देशमुखकाका. डॉक्टर देशमुख हे मूळचे नागपूरचे, गावातले एकुलते एक हार्टचे डॉक्टर आणि आमच्या पंचवीस-तीस मराठी टाळक्यांच्या मंडळाचे तहहयात अध्यक्ष. त्यांना पोहण्यात रस नव्हता, बुद्धिबळात होता. काकांनी बुचाच्या लाकडाचा एक तरंगता पट केला होता. बुडापेस्टला गरम पाण्याच्या कुंडात बसून लोक असेच खेळतात म्हणे. रविवारी दुपारी हे दोघं छातीएवढ्या पाण्यात समोरासमोर उभे. देशमुखकाका "अरे यार, ये क्या किया तुमने!" असं हंगेरियन माणसाला हिंदीत विचारतायत, आणि काका अगदी सहज मान हलवतायत. कुणी पोरानं जवळ उडी मारली की लाट यायची आणि राजा वाहून जायचा. मग तो डाव बरोबरीत.

काकांची बायको इलोना. तिच्याविषयी बोलताना काका कायम 'तो' म्हणायचे, "माझा बायको, तो आज खूप रागावला आहे." त्यांच्या भाषेत तो आणि ती वेगळे नाहीतच. आम्ही गेलो की इलोनाकाकू पोगाचा नावाचा एक खारट, खुसखुशीत प्रकार ताटभर पुढं ठेवायची आणि ताट रिकामं झालं नाही तर दुखावायची. त्यांच्या घरी भिंतीवर एक फोटो होता, एकसारखे कोट घातलेली वीसेक तरुण मुलं, मागं झेंडे. "हे हेलसिंकी," इलोनाकाकू म्हणाली. "बावन्न सालचं ऑलिम्पिक. आणि त्याच वर्षी गेझा चॅम्पियन झाला."

मी काकांना विचारलं, पदक कुठंय? "राहिलं," ते म्हणाले. छप्पन साली बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे शिरले तेव्हा हे दोघं चालत ऑस्ट्रियाची हद्द ओलांडून पळाले. एकच पिशवी होती. "पदकाला वजन असतं. आणि इलोनाला घोंगडी पाहिजे होती." एवढं बोलून त्यांनी पोगाचाचं ताट माझ्याकडं सरकवलं. मीही पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे फार पुढं कळलं.

त्र्याऐंशीच्या वसंतात बातमी आली की नगरपालिका तलाव बुजवणार. शनिवारी फुटबॉलच्या मॅचला बाहेरगावच्या गाड्या येतात, त्यांना पार्किंग पाहिजे. काका सभेला गेले. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं असतात, हे नऊ मिनिटं बोलले. शेवटी अध्यक्ष कंटाळून म्हणाला, मिस्टर हलमाशी, एवढं आहे तर तुम्हीच इथं येऊन बसा ना. काकांनी ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी जाऊन उमेदवारीचे कागद घेऊन आले.

त्यांच्याविरुद्ध हॉकिन्स नावाचा फर्निचरच्या दुकानाचा मालक उभा होता. त्याची रंगीत पोस्टरं, टोप्या, फुगे, सगळं. काकांकडं होती एक वही. दारोदार जायचे, बेल वाजवायचे आणि विचारायचे, "तुमच्या घरात पोहता न येणारे किती?" लोक गांगरून खरं सांगायचे. काका वहीत लिहून घ्यायचे, आभार मानायचे आणि निघायचे. मत द्या म्हणायचं साफ विसरायचे. मग आम्ही मागून पळत जाऊन पत्रक द्यायचो आणि सांगायचो, हे इलेक्शनला उभे आहेत हो! आम्हा विद्यार्थ्यांना मत देता येत नव्हतं, पण प्रचाराचा उत्साह असा की जणू कोल्हापूर महापालिकाच जिंकायची आहे. इलेक्शन म्हटलं की आपल्याला राहवत नाही, काय करणार! मत होतं फक्त देशमुखकाकांना आणि काकूंना. "माझं पक्कं आहे," देशमुखकाका म्हणायचे. "हिचं मी गृहीत धरत नाही."

आणि मग आले गणपती.

चर्चच्या तळघरातला हॉल घेतला होता. तासाभरावरच्या स्टेट कॉलेजमधूनही मंडळी आली होती. प्रमुख पाहुणे कोण, तर गेझाकाका. शाल देशमुखकाकूंच्या कपाटातून निघाली. श्रीफळाची मात्र पंचाईत झाली, कारण सुपरमार्केटातला नारळ तासून गुळगुळीत केलेला. "टकला नारळ देतात होय कुणाला!" असं म्हणत काकूंनी सुतळी पिंजली आणि डिंकानं चिकटवून त्याला झकास शेंडी केली. गावच्या पेपरची एक तरुण वार्ताहर मुलगी फोटो काढायला आली होती. आणि पाहुण्यांचा परिचय कुणी करून द्यायचा? दुसरं कोण! मी.

आपल्याकडं प्रमुख पाहुण्यांचा परिचय म्हणजे काय असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या शाळेत एका रिटायर्ड तलाठ्यांची ओळख 'थोर शिक्षणतज्ज्ञ' अशी करून दिली होती, आणि ते बिचारे गोड हसून मान डोलवत होते. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. ती रीत असते. बोलणारा चढवून बोलतो, ऐकणारा मनातल्या मनात निम्मं कमी करतो, आणि हिशेब बरोबर बसतो. मी त्याच वातावरणात वाढलेली. माईक हातात आला, समोर दीडशे माणसं, पुढच्या रांगेत चार अमेरिकन. मराठीत झालं, मग इंग्रजीत सुरुवात केली. हेलसिंकीचा फोटो डोळ्यांपुढं होता, चॅम्पियन हा शब्द जिभेवर होता, आणि ते दोन्ही कधी एक झाले ते माझं मलाच कळलं नाही. "आणि आज आपल्यामध्ये आहेत," मी ठणकावून सांगितलं, "ऑलिम्पिक चॅम्पियन गेझा हलमाशी!"

काय टाळ्या पडल्या! काकांच्या कानात कायम पाणी, त्यामुळं त्यांना निम्मं ऐकूच यायचं नाही. त्यात देशमुखकाकू त्याच वेळी त्यांच्या कपाळाला कुंकू लावत होत्या. ते हसले, वाकून नमस्कार केला, नारळाच्या शेंडीवरून प्रेमानं हात फिरवला. शेंडी हातात आली.

दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर फोटो. खांद्यावर शाल, कपाळावर कुंकू, हातात श्रीफळ. आणि वर भल्यामोठ्या अक्षरांत, 'नगरपालिकेसाठी ऑलिम्पिक चॅम्पियन!' इथले लोक निम्मं कमी करत नाहीत, हे मला तेव्हा समजलं.

काका कधी वर्कशॉप सोडून वर यायचे नाहीत. त्या दिवशी आले, माझ्या लॅबच्या दारात, हातात पेपर घेऊन. "हे त्यांना कुणी सांगितलं?"

आणि मी काय म्हणावं? म्हटलं, "पेपरवाले काय काका, काहीही छापतात."

ते "असं?" म्हणाले. पेपरची घडी घातली आणि जिना उतरून गेले. चोवीस-पंचविशीची घोडी मी, एक वाक्य बोलायचं धैर्य झालं नाही. आज लिहितानाही लाज वाटते.

ते तडक पेपरच्या ऑफिसात गेले. दोन दिवसांनी चौदाव्या पानावर, गवत कापायच्या यंत्राच्या जाहिरातीशेजारी, दोन ओळींची दुरुस्ती आली. ती कुणी वाचली असेल तर इलोनाकाकूनं. गावभर मात्र एकच चर्चा. बँकेतली बाई उठून हात मिळवायची. पोरं सही मागायची. काका प्रत्येकाला सांगायचे, मी ऑलिम्पिक जिंकलो नाही. आणि प्रत्येकजण त्यांच्या दंडावर थोपटून म्हणायचा, हो हो, कळलं.

ऑक्टोबरमध्ये शाळेच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा झाली. सूत्रसंचालकानं नाव पुकारलं, "आपले ऑलिम्पिक चॅम्पियन..." काका उठून उभे राहिले. त्या दिवशी चक्क सूट घातला होता. "थांबा," ते म्हणाले. "ते खरं नाही. मी एकदा, एका वर्षी, हंगेरीचा चॅम्पियन होतो. दोनशे मीटर, ब्रेस्टस्ट्रोक. ऑलिम्पिकला मी राखीव होतो. पाण्यात उतरलो नाही. मी टॉवेल धरायचं काम केलं."

मग अख्खा हॉल हसला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "किती हा विनय!"

"विनय नाही!" काका ओरडले. "टॉवेल!"

आणखी टाळ्या. शपथ सांगते, खरं बोलताना माणूस इतका केविलवाणा झालेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. ते इकडं तिकडं बघत होते, कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून. तेव्हा मी उठून उभी राहायला हवी होती. मी खुर्चीतच बसून राहिले.

काका निवडून आले, चांगले दणदणीत. हॉकिन्स दिलदार माणूस, स्वतः घरी येऊन त्यानं अभिनंदन केलं आणि हळूच विचारलं, ते पदक घ्यायला वर उभं राहतात तेव्हा काय वाटतं हो? काका म्हणाले, "मला माहीत नाही." हॉकिन्सनं डोळा मारला.

दुसऱ्या दिवशी मी पेढे म्हणून दुधाच्या पावडरीचे काहीतरी गोळे घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. काका लेथ पुसत होते. म्हणाले, "वसुधा, तिकडं माझं नाव गेलं. इथं मी नवीन केलं, सत्तावीस वर्षं लागली. ते चांगलं राहिलं पाहिजे." मी गोळ्यांचा डबा ठेवून पळाले. त्यांना माझ्याकडून काय हवं होतं, ते मला कळत नव्हतं असं नाही.

चार वर्षं ते कौन्सिलवर होते. पहिल्या सहा महिन्यांतच पार्किंगचा बेत कॅन्सल केला. सभेत स्टॉपवॉच घेऊन बसायचे. कुणी फार लांबण लावली की म्हणायचे, "आता श्वास सोडा." वहीतल्या सगळ्या घरी परत गेले आणि पोहता न येणाऱ्यांना एकेक करून तलावावर आणलं. त्यात त्र्याहत्तर वर्षांची एक आजी होती, हॉकिन्सची आई. आणि हे सगळं चालू असताना 'ऑलिम्पिक' काही पाठ सोडत नव्हतं. शाळेतून पत्रं यायची, काका प्रत्येकाला हातानं उत्तर लिहायचे आणि प्रत्येक उत्तरात टॉवेलची हकीकत यायची. उत्तरं वाचून मास्तरीणबाई वर्गाला सांगायची, बघा, मोठी माणसं कशी असतात. मी ठरवायचे, आज सांगू, या शनिवारी सांगू, थीसिस झाला की सांगू. सांगितलं नाही.

सत्याऐंशीला ते पुन्हा उभे राहिले नाहीत. "सगळ्या घरांत विचारून झालं," म्हणाले. मग गावानं ठरवलं की तलावाच्या भिंतीवर काकांच्या नावाची पाटी बसवायची. अठ्ठ्याऐंशीचा जून. शाळेचा बँड, लिंबाचं सरबत, मेयरचं भाषण. देशमुखकाका कॅमेरा घेऊन शिडीवर. मेयरनं दोरी ओढली, कापड खाली पडलं. ब्राँझची ओतीव पाटी होती. वर नाव, मधल्या ओळीत ठळक अक्षरांत ऑलिम्पिक चॅम्पियन, खाली नगरपालिका सदस्य. मजकूर कुणीतरी जुन्या पेपरातून घेतला होता.

काकांना लांबचं दिसायचं नाही. ते जवळ गेले, वाचलं, आणि तसेच पाठमोरे उभे राहिले. बँड वाजत होता. लोकांना वाटलं, गहिवरले. इलोनाकाकूनं माझा दंड घट्ट धरला आणि मला पहिल्यांदाच ती गोष्ट सांगितली. बुडापेस्टला त्यांच्या क्लबच्या तलावावर एक भिंत आहे. दरवर्षीच्या चॅम्पियनचं नाव तिथं रंगवतात. हे पळून आल्यावर बावन्न सालच्या पुढचं नाव चुन्यानं पुसून टाकलं. साल ठेवलं, पुढं कोरं. चुलतभावानं पत्रातून कळवलं होतं. काकांनी ते पत्र वाचून जाळलं आणि त्यानंतर त्या भिंतीचं नाव काढलं नाही.

तेवढ्यात काका वळले. आम्हा दोघींकडं बघून अगदी हळू म्हणाले, "तिकडं मी होतो, ते पुसलं. इकडं मी नव्हतो, ते ओतलं." मग मेयरशी हात मिळवायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नगरपालिकेत जाऊन पाटी बदला म्हणून सांगितलं. तिथला मॅनेजर म्हणाला, "गेझा, पुरे झाला हा साधेपणा. ब्राँझ आहे ते, आता कायमचं."

मला व्हर्जिनियात, हर्नडनला नोकरी लागली होती. निघायच्या दिवशी सकाळी सामान गाडीत टाकून मी निरोप घ्यायला तलावावर गेले. गाडी चालवत येताना वाक्य पाठ करत होते, कारण आज सांगितलं नाही तर जन्मात सांगणार नाही हे मला माहीत होतं. काका भिंतीपाशी स्टुलावर बसले होते, अंगात तोच पट्ट्यांचा झगा, हातात वर्कशॉपमधली मोठी कानस. कर्र, कर्र. झग्यावर ब्राँझची सोनेरी भुकटी पडली होती. इंग्रजी ऑलिम्पिकची सात अक्षरं. चार साफ झाली होती.

"काका," मी म्हटलं, आणि पाठ केलेलं सगळं विसरले. "ते मी सांगितलं होतं. गणपतीत. पेपरवाल्या मुलीची काही चूक नव्हती. मीच म्हटलं, आणि नंतर तुमच्याशी खोटं बोलले."

"माहीत आहे," काका म्हणाले. हात थांबला नाही.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. त्या मुलीनं वही दाखवली. तुझं नाव होतं. स्पेलिंगसुद्धा बरोबर."

"पाच वर्षं झाली काका! मग बोलला का नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो." मग त्यांनी कानस माझ्यापुढं धरली. "तू लिहिलंस ना? मग उरलेलं तू काढ."

मी स्टुलावर बसले आणि घासायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं, नाक वाहत होतं, ओढणीनं पुसत होते. किती सोपं होतं हो सांगणं, आणि मी पाच वर्षं या माणसाला सगळ्या गावापुढं एकटं पाडलं. ते शेजारी उभे राहून वर्कशॉपमधल्यासारखे सूचना देत होते, दाब पुढं जाताना दे, मागं येताना नको, रडू नकोस, हात हलतो. ओल्या पोरांचा घोळका जमला. काय करताय म्हणून एकीनं विचारलं. "दुरुस्ती," काका म्हणाले.

शेवटचं अक्षर गेलं. माझा हात आता असा सुटला होता की थांबेना. कानस पुढच्या शब्दावर गेली, चॅम्पियनच्या पहिल्या अक्षरावर एक ओरखडा उठला, आणि काकांनी माझं मनगट पकडलं. एवढ्या जोरात त्यांनी मला पाण्यात बुडतानाही कधी धरलं नव्हतं.

"ते नाही," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "ते मी होतो."

त्यांनी माझ्या हातातून कानस काढून घेतली, झग्याच्या बाहीनं तो शब्द पुसला आणि ओरखड्यावर अंगठा घासत राहिले. मी वाकून पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण लक्ष पाटीकडंच होतं. मला दुपारच्या आत हर्नडनच्या रस्त्याला लागायचं होतं. गाडी वळवताना पाहिलं, तर पोरं पुन्हा पाण्यात गेली होती आणि काका भिंतीला नाक लावून तो एक शब्द वाचत उभे होते.